ग्रीटिंग कार्ड विकत घ्यावं का? (बाई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं)

गिरणाकाठ | ९ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण दोन दिवस डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढते आहे.

फेब्रुवारीत आमच्या बाई-अण्णांच्या, म्हणजे माझ्या आई-वडिलांच्या, लग्नाला पन्नास वर्षं होतात. ते दोघं अमळनेर तालुक्यात गावी, मी जळगावला. कार्यक्रम वगैरे करायचा नाही असं अण्णांनी आधीच बजावलंय. त्या दिवशी मला गावी जाताही येणार नाही, लेकीची बारावीची प्रॅक्टिकल नेमकी त्याच आठवड्यात आहे. म्हणून परवा कार्ड बघायला दुकानात गेले. एक आवडलं. जाड कागद, सोनेरी कडा, दोन हंस. किंमत १८० रुपये. आत सहा ओळींची इंग्रजी कविता. बाई चौथीपर्यंत शिकलेली, तिला त्यातलं एक अक्षर कळणार नाही. परत ठेवून आले.

घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "१८० रुपयांचा कागद? आजी एकदा बघेल आणि ठेवून देईल." हे म्हणाले, व्हिडिओ कॉल करू, सगळे दिसतील. दोघांचंही खोटं नाही. पण बाईच्या पत्र्याच्या पेटीत काय आहे ते मी पाहिलंय. माझी मावशी चोपड्याला होती, तिनं पाठवलेली संक्रांतीची भेटकार्डं आहेत त्यात. ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवतील: तळहाताएवढं कार्ड, वर तिळगुळाची वाटी नाहीतर पतंग छापलेला, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला", आणि कोपऱ्यात पातळ कागदाच्या पुडीत काटेरी हलव्याचे चार दाणे. दाणे मुंग्यांनी केव्हाच नेले. मावशीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. दर संक्रांतीला बाई पेटी उघडते, कार्डं पदरानं पुसते आणि परत ठेवते.

म्हणून लेकीच्या वाक्यातलं "ठेवून देईल" माझ्या मनात अडकून बसलंय. तुम्ही अजून कार्ड घेता का? कुणासाठी? पैसे वाया गेले असं वाटलं का कधी? खरं ते सांगा.

कळण्याची भाकरी | १० जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी यावल तालुक्यातला, केळीवाला. माझ्या मते विकतचं कार्ड घेऊ नये.

आमच्या घरी दर दिवाळीला पुतण्यांची कार्डं यायची. मोठमोठी, उघडली की गाणं वाजणारी. आत छापील कविता, तिच्याखाली दोन इंग्रजी शब्द आणि सही. ती कविता पाठवणाऱ्यानं तरी वाचली होती का, असं मला दरवेळी वाटायचं. दुसऱ्यानं लिहिलेली माया दुकानातून आणून आपली म्हणून द्यायची, हे मला पटत नाही.

आणि आपल्या खान्देशात जायची रीत आहे, पाठवायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणीला घ्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो. माय ओट्यावर बसून वाट बघते. गाडीचा आवाज आला की हातातलं सूप टाकून उठते. हे कुठल्या कार्डात बसणार? एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. १८० रुपयांत जळगावहून अमळनेरला जाऊन याल आणि वर मायसाठी अर्धा किलो शेव न्याल. परीक्षा झाल्यावर जा, चार दिवस उशिरा जा, पण जा.

खापरपोळी | १० जानेवारी, सकाळी ११.०२

भाऊ, जाण्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण "एक अक्षर कळणार नाही" या मुद्द्यावर मला बोलायचंय.

माझ्या आजीला अंगठा करावा लागायचा. आमचे काका लष्करात, त्यांच्या पत्रावर पत्ता म्हणून फक्त "५६ एपीओ" असं लष्करी पोस्टाचं नाव असायचं. तो माणूस काश्मिरात आहे की आसामात, घरात कुणालाच ठाऊक नसायचं. आजी दुपारी दारात बसायची. पोस्टमन दिसला की पहिला प्रश्न, "कागद उना का?" पत्राला ती कायम कागदच म्हणायची. मग आमच्यापैकी जो शाळेत जाणारा हाताशी लागेल त्याला पकडायची, "वाची दखाड." एकदा वाचून भागायचं नाही. संध्याकाळी शेजारची आली की परत. एका वर्षी काकांनी दिवाळीला विकतचं कार्ड पाठवलं, त्यावर बर्फाचे डोंगर होते. त्यातही इंग्रजीच छापलेलं होतं. आजीनं छापलेल्या ओळींवरून बोट सरकवलं आणि खाली काकांनी पेनानं लिहिलेल्या ओळीवर आणून ठेवलं. "हाई मना पोऱ्यानं लिखेल शे." वाचता येत नव्हतं, पण छापील कुठलं आणि पोराच्या हाताचं कुठलं, हे तिला कळत होतं.

पूर्णामाय | १० जानेवारी, दुपारी १.२०

वाचतेय. खापरपोळी, डोळ्यात पाणी आणलंत.

भुसावळ जंक्शन | १० जानेवारी, रात्री १०.३०

मी रेल्वे डाक सेवेतून, म्हणजे आरएमएसमधून निवृत्त झालो. घ्यावं की नको ते घरच्यांनी ठरवावं. पण घेतलं आणि पोस्टानं धाडलं तर पुढे त्याचं काय होतं, हे मला सांगता येईल.

दिवाळी आणि एक जानेवारी, या दोन हंगामांत आमच्याकडे पोत्यांचे ढीग लागत. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून छाटणी करायची. समोर लाकडी खण, एकेका खणाला एकेक गाव. साधी पत्रं सरसर जायची. कार्डं अडायची. कुठलं चौकोनी, कुठलं लांबडं, खणात बसायचं नाही, सुतळीच्या गठ्ठ्यात दुमडायचं. चमकी तर सगळ्यांच्या हाताला. पहाटे भुसावळला उतरून घरी गेलो की मुलगी माझ्या बोटांवरची चमकी खरवडून स्वतःच्या कपाळाला लावायची.

तेव्हा बरीच कार्डं बुक पोस्टानं जात. पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं, मग तिकीट कमी लागायचं. दुकानदारच सांगायचे, "चिकटवू नका हो." खोचलेलं पाकीट वाटेत उघडायचं आणि आतलं कार्ड बाहेर यायचं. ते पुन्हा कुठल्या पाकिटात घालायचं? कार्डावर आत पूर्ण नाव नसायचं, नुसतं "तुझाच" किंवा "सर्वांकडून". असं बेवारस कार्ड हातात धरलं की वाईट वाटायचं. कुणीतरी कुणासाठीतरी निवडून घेतलेलं असायचं.

आता ताईंसाठी कामाचं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. वजन त्याच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच. जाड कार्डाचा कागद २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, धरा. ए-फोर कागदाएवढा ताव मधोमध दुमडलेला असेल तर तो एकटाच साडेपंधरा ग्रॅमच्या वर भरतो. पाकीट, चिकटवलेले मणी, रिबन धरलं की वीस ओलांडलंच समजा. तिकीट कमी पडलं तर जेवढी तूट त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. जुने लोक त्याला नॉटपेड म्हणायचे. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं कार्ड बाई-अण्णांनी पैसे भरून सोडवायचं, हे बरं दिसणार नाही. पोस्टात काउंटरवर वजन करून घ्या.

गडद पाकिटावर चंदेरी पेनानं पत्ता लिहू नका, दिव्याखाली वाचता येत नाही. आणि पिनकोड घाला. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आहे, तरी निम्मे लोक अजून जागा कोरी सोडतात. आपल्याकडे ४२५ आणि ४२४ यांत लोक गोंधळतात. जळगाव, भुसावळ, अमळनेर ४२५. धुळे ४२४. पण चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात असूनही ४२४. जिल्हा बघून पिन ठोकून देऊ नका.

पांझरा | ११ जानेवारी, दुपारी ३.४५

धुळ्यात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. वडिलांनी चालवलं, मग मी. कार्डांचा चांगला काळ आणि उतार, दोन्ही मी गल्ल्यावर बसून बघितले.

आर्चीज ही कार्डांची कंपनी दिल्लीत १९७९ मध्ये सुरू झाली. आपल्या भागात त्या पद्धतीच्या कार्डांची हवा खऱ्या अर्थानं नव्वदच्या दशकात आली. डिसेंबर लागला की आम्ही दारात दोरी बांधून चिमट्यांनी कार्डं टांगायचो. फिरतं लोखंडी स्टँड असायचं. कॉलेजची पोरं-पोरी अर्धा अर्धा तास उभी राहायची. एकेक काढायचं, आतलं वाचायचं, परत ठेवायचं. वडील कधी कुणाला हटकत नसत. म्हणायचे, "त्याला वाचू दे. त्याला जे म्हणायचंय ते तो शोधतोय." कळण्याची भाकरी दादा, तुमच्या मुद्द्यावर मला वडिलांचं हे वाक्य आठवतं. सगळ्यांनाच लिहिता येत नाही. मी असे बाप पाहिलेत ज्यांना लेकीसाठी एक ओळ सुचत नव्हती. ते स्टँडपाशी उभे राहून दहा कार्डं वाचायचे आणि अकराव्याला थांबायचे. ती ओळ दुसऱ्यानं लिहिली होती, निवडली मात्र त्यांनी. मला ते खोटं वाटत नाही.

पण तुमचं एक खरं. मराठी कार्डं कमी होती आणि जी होती त्यातली भाषा पाठ्यपुस्तकी. "आपले भावी सहजीवन सुखसमृद्धीचे जावो." असं घरात कोण बोलतं? अहिराणीत छापलेलं कार्ड तर माझ्या दुकानात कधी आलंच नाही. आलं असतं तर मी उधारीवर सुद्धा घेतलं असतं.

आता माझ्याकडे एकच फळी उरलीय. त्यात वाढदिवस जास्त, बाकी थोडं. इतकी वर्षं माल हाताळून जे कळलं ते सांगतो.

आतून कोरं असेल ते घ्या. छापील मजकूर भरगच्च असला की माणूस खाली फक्त सही करतो. कोरं पान दिसलं की दोन ओळी तरी लिहितोच. गुळगुळीत चकचकीत कागद टाळा, त्यावर शाईपेन पसरतं आणि बॉलपेन सरकतं. खरबरीत, मॅट कागद लिहायला चांगला. घेण्याआधी नखानं घासून बघा. चमकी, प्लॅस्टिकचा थर, फोम असलेलं कार्ड रद्दीत गेलं तरी पुन्हा कागद होण्याच्या कामाचं नसतं. गाण्याच्या कार्डात बटणासारखा छोटा सेल असतो. घरात लहान मूल असेल तर गाणं बंद पडल्यावर तो आधी काढून घ्या, गिळला तर जिवावर बेततं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि अजून सांगतो.

काही कार्डांचे पैसे चांगल्या कामाला जायचे, ती मी कमी नफ्यावर ठेवायचो. क्राय ही संस्था १९७९ची, मुलांसाठी काम करते. तिची कार्डं आमच्याकडे मागून नेणारे ठरावीक शिक्षक होते. युनिसेफची कार्डं तर एका लहान मुलीच्या चित्रावरून सुरू झाली. १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीनं काढलेलं चित्र त्यांनी पहिल्या कार्डावर छापलं. महायुद्धानंतर त्या देशातल्या मुलांना मदत पोचली होती, त्याबद्दल आभार म्हणून तिनं ते काढलं होतं.

लळिंग | ११ जानेवारी, रात्री ९.१०

चर्चा फार चांगली चाललीय. मी इतिहास शिकवतो, थोडी मागची गोष्ट.

कार्ड म्हणजे जुन्या काळची निवांत माया आणि मोबाइलचा मेसेज म्हणजे आजची घाई, अशी आपली समजूत असते. कार्डाचा जन्म मात्र घाईतूनच झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं. एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं, त्यामुळे नाताळला पत्रांचा पूर आला आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देणं सभ्यपणाचं समजलं जाई. हेन्री कोल नावाच्या लंडनच्या अधिकाऱ्याला तेवढी उत्तरं लिहायला वेळ नव्हता. त्यानं १८४३ मध्ये जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, छापून घेतलं, आणि वर नाव, खाली सही करून धाडून दिलं. साधारण हजार प्रती होत्या. उरलेल्या विकल्या, एक शिलिंगला एक. म्हणजे बारा पेनी. एका कार्डाच्या पैशांत बारा पत्रं गेली असती! गरिबाच्या आवाक्यातली ती वस्तू नव्हती. चित्रात सगळं कुटुंब वाइनचे पेले उंचावतंय आणि एका लहान मुलीच्या तोंडालाही पेला लावलाय, म्हणून दारूबंदीवाले चिडले ते वेगळंच.

तेव्हा "एवढ्या पैशांचा कागद?" हा ताईंच्या लेकीचा प्रश्न कार्डाइतकाच जुना आहे. आणि कळण्याची भाकरी यांची तक्रारही, की लिहिण्याचा कंटाळा म्हणून छापील.

आपल्याकडेही तारखात्यात असं होतं. शुभेच्छांची ठरलेली वाक्यं असत आणि प्रत्येकाला क्रमांक. आपण क्रमांक लिहायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. लग्नघरी अशा तारा यायच्या आणि मांडवात त्या मोठ्यानं वाचल्या जायच्या. शब्द तारखात्याचे, पण अमक्या गावाहून तमक्याची तार आली याचा अभिमान खरा असायचा. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली.

दुसरं, धुळेकर म्हणून सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव पायी हिंडले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं इथं संशोधन मंडळ उभं राहिलं. मुलांना मी तिथं नेतो. मोडीतले कागद बघताना मुलं विचारतात, "सर, हे कुणी जपून ठेवलं?" ठरवून जपलेलं थोडं असतं. बरंचसं कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी पेटीत नुसतं राहून गेलेलं असतं. ताईंच्या बाईंची ती पेटी मला त्याच रांगेतली वाटते.

कळण्याची भाकरी | १२ जानेवारी, सकाळी ६.५०

लळिंग सर, पांझरा दादा, दोघांचं वाचलं. "त्याला जे म्हणायचंय ते तो शोधतोय" हे वाक्य रात्रभर मनात होतं. तेवढ्यापुरता मी मागे हटतो. पण छापील मजकूर असेल तर खाली स्वतःच्या हाताच्या चार ओळी हव्यातच, या मतावर मी ठाम आहे. आणि जाण्याला पर्याय नाही, यावरही.

सातपुडा | १२ जानेवारी, रात्री ८.२५

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिक्षक. आमच्याकडे कार्ड ही चैनीची गोष्ट आहे, म्हणून लिहू की नको असा विचार करत होतो.

आमच्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलं वसतिगृहात. आम्ही दरवर्षी मुलांकडून कार्डं करून घेतो. कार्डशीटचा ताव आणायचा, एका तावात आठ कार्डं बसतात. पळसाचं, सागाचं कोवळं पान वहीत दाबून वाळवायचं, कार्डावर ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशनं जाळीवरून रंग उडवायचा. पान उचललं की त्याचा पांढरा ठसा उरतो. खाली मूल लिहितं. काय लिहितं? "मी बरा आहे. शेळी विकू नको." "बाबा, चप्पल तुटली नाही अजून." एवढंच. मुकादमाच्या पत्त्यावर पाठवतो. तिथं कुणी वाचणारा असला तर वाचतो, नसला तर पान बघून आईला कळतं की कुणाचं आलंय, कारण मुलं पान मुद्दाम आपल्या पाड्याजवळच्या झाडाचं निवडतात.

विकतच्या कार्डाचा अनुभव एकच. दोन वर्षांपूर्वी एक पाहुणे शाळेला विकतच्या कार्डांचा गठ्ठा देऊन गेले, प्रत्येक मुलाला एक. सुंदर कार्डं, फुलांची, नक्षीची. आम्ही म्हटलं, यावर लिहा, पाठवू. एकाही मुलानं लिहिलं नाही. खराब होईल म्हणून. पाचवीतल्या एका मुलीनं ते उशीखाली ठेवलं, मग पेटीत ठेवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना ओढणीत गुंडाळून नेलं. आईला हातात दिलं, कोरंच. पुढच्या वर्षी मी तिच्या पाड्यावर सर्वेक्षणाला गेलो तर कुडाच्या भिंतीला, देवाच्या तसबिरीशेजारी ते कार्ड बाभळीच्या काट्यानं टोचलेलं होतं. आतही कोरं, बाहेरही एक अक्षर नाही. आई म्हणाली, पोरीनं आणलंय.

तिथून परतल्यापासून "विकतचं म्हणजे वाया" असं मला ठामपणे म्हणता येत नाही. आणि हातानं केलेलंच श्रेष्ठ, हेही मी पूर्वीइतक्या जोरानं म्हणत नाही.

तापीकाठ | १३ जानेवारी, दुपारी १२.१०

सगळे आनंदाच्या कार्डांबद्दल लिहिताहेत. मी दुसऱ्या कार्डाबद्दल लिहिते.

मागच्या वर्षी कपाशीच्या हंगामात माझे वडील गेले. ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबनीस होते. त्या दोन दिवसांत फोनवर किती मेसेज आले ते मोजलेही नाहीत. "भावपूर्ण श्रद्धांजली", हात जोडलेले, फुलं, तोच फोटो पुन्हा पुन्हा. कुणाचा राग नाही. मीही दुसऱ्यांना असंच पाठवत आलेय. पण त्यातलं आज एकही आठवत नाही.

तेराव्यानंतर एक पाकीट आलं. वडिलांबरोबर वजनकाट्यावर काम केलेले एक गृहस्थ, आता मुलाकडे नाशिकला असतात. दुकानातून आणलेलं साधं कार्ड होतं, वर नदीचं चित्र, आतून कोरं. त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. एका वर्षी पावसात शेतकऱ्याचा कापूस गाडीवर भिजत होता, तेव्हा वडिलांनी स्वतःच्या अंगावरची ताडपत्री काढून गाडीवर टाकली आणि भिजत पावत्या लिहिल्या. हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील कधी बोललेच नाहीत.

आपल्याकडे दुःखाचा कागद घरात ठेवत नाहीत. मरणाची बातमी सांगणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि वाचून झालं की ते दाराबाहेरच फाडून टाकायचे. माझी आई हे सगळं कडक पाळणारी. मी कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच." मग हातात घेतलं. मला वाटलं आता फाडेल. तिनं घडी घालून ते वडिलांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं. चष्म्याचं घर अजून खिडकीत आहे.

गिरणाकाठ ताई, पन्नास रुपयांचं असो की १८० चं, मी आता प्रत्येक अशा घरी कार्ड पाठवते. गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट मला माहीत असेल तर ती लिहिते, नसेल तर विचारून घेते. त्या घरात ती फक्त माझ्याकडून पोचणार असू शकते.

खापरपोळी | १३ जानेवारी, दुपारी १२.४०

तापीकाठ, काय लिहू. नमस्कार तुमच्या आईंना.

भुसावळ जंक्शन | १३ जानेवारी, रात्री ९.५५

कोपरा फाडलेली कार्डं आमच्या हातून खूप गेली. ती खणात टाकताना डब्यातलं बोलणं आपोआप थांबायचं.

गिरणाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९.३०

सगळ्यांना तिळगूळ. सगळं दोनदा वाचलं. आज लेकीलाही वाचायला दिलं. ती सातपुडा सरांच्या प्रतिसादापाशी बराच वेळ होती, काही बोलली नाही. उद्या दुकानात जाते. काय होतं ते कळवीन.

गिरणाकाठ | २६ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१५

उशीर झाला, माफ करा. परीक्षेत गुंतलो होतो.

हंसांचं कार्ड घेतलं नाही. आतून कोरं, जरा खरबरीत कागदाचं, वर फक्त पिवळ्या झेंडूचं चित्र असलेलं ६० रुपयांचं घेतलं. नखानं घासून बघितलं, पांझरा दादा. एका बाजूला मी लिहिलं, दुसऱ्या बाजूला यांनी आणि लेकीनं. मी अण्णांना कधीच सांगितलं नव्हतं ते लिहिलं: सातवीत मी नापास झाले तेव्हा ते मला काही बोलले नाहीत, सायकलवर बसवून शेतात घेऊन गेले आणि दिवसभर हरभरा सोलून खायला दिला. तोंडानं हे मला कधी सांगता आलं नसतं. फोनवर तर नाहीच, फोनवर आम्ही तब्येत आणि पाऊस याच्या पलीकडे जात नाही. काउंटरवर वजन केलं. २३ ग्रॅम भरलं. दहाचं तिकीट लावलं.

वाढदिवसाला व्हिडिओ कॉलही केला. बाईनं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, उलटं. आम्हाला झेंडू दिसला आणि तिचा अंगठा. अण्णा कार्डाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. थोडं लागलं मनाला.

कळण्याची भाकरी दादा, प्रॅक्टिकल संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावी जाऊन आले. अर्ध्या तिकिटात, शेव घेऊन. कार्ड बाहेर कुठं दिसलं नाही. मीही विचारलं नाही.

आज दुपारी पोस्टमननं दारात पन्नास पैशांचं पोस्टकार्ड टाकलं. अण्णांचं अक्षर मी वीसेक वर्षांत बघितलं नव्हतं, फोन आल्यापासून त्यांनी पत्र लिहिलंच नाही. बारीक, तिरकं, जागा वाचवून कडेपर्यंत भरलेलं. कपाशीची फरदड काढून टाकली, गहू निसवला, बाईचा गुडघा बरा आहे. मग लिहिलंय, "तो हरभरा आपला नव्हता. आपला वाळला होता. शेजारच्या बांधावरून मागून आणला होता. तुला आठवत असेल असे वाटले नव्हते." शेवटी बाईची सही. तीन अक्षरं, प्रत्येक वेगळ्या उंचीचं.

लेक म्हणाली, याला उत्तर आपण दोघींनी लिहू. ती आत्ता दुकानात कोरं कार्ड बघायला गेलीय.

भुसावळ जंक्शन दादा, अण्णांनी पिनकोड घातलाय, सहाही आकडे बरोबर.